चंदेरी मल्चिंग टाकलं म्हणून फवारणी पंप माळ्यावर टाकू नका

मिरची-टोमॅटोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सिल्व्हर-ब्लॅक पेपर टाका. थ्रिप्स (फुलकिडे), पांढरी माशी, मावा फिरकणार नाही, जमिनीतले किडे भाजून मरतील, फवारणी शून्य.’ हा पेपर म्हणजे बेडवर (उंच वाफ्यावर) अंथरायचं प्लास्टिक, वरून चंदेरी, खालून काळं. मेसेजमधलं पहिलं अर्धंमुर्धं खरं, बाकी भर घातलेली.

‘फिरकणार नाही.’ चंदेरी बाजू अतिनील किरणं वर फेकते. उडत येणाऱ्या किडीची दिशा चुकते आणि ती रोपावर कमी उतरते. पण झाडांनी साधारण 60 टक्के बेड झाकला की हा खेळ संपला. म्हणजे फायदा लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचा. तो मोठाच आहे, कारण कोवळ्या रोपाला व्हायरस लागला तर झाड जवळपास वायाच जातं. मात्र नर्सरीतूनच पांढरी माशी घेऊन आलेल्या रोपाला पेपर काय करणार? ट्रे उतरवून घेण्याआधी पानं उलटून बघा.

‘भाजून मरतील.’ साफ चूक. उन्हानं जमीन तापवायची तर पारदर्शक पेपर, ओली जमीन आणि एप्रिल-मेचे 4 ते 6 आठवडे लागतात. चंदेरी पेपर ऊन परतवतो. त्याखालची माती काळ्या पेपरपेक्षा थंड राहते. कोषासाठी मातीत उतरणाऱ्या फुलकिड्यांना आणि नागअळीला तो आडवा येतो एवढंच, तेही रोपांची होल आणि बेडमधल्या सऱ्या सोडून.

‘फवारणी शून्य.’ कोळी (माइट) आणि फळ पोखरणाऱ्या अळीला पेपरचं सोयरसुतक नाही. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. औषध त्यावरून ठरवा. चिकट सापळे लावाच.

पेपर नीट लावला नाही तरी निम्मा फायदा जातो. बेड 5 फुटांवर असतील तर एकरी 400 मीटरचे 7 रोल लागतात. ढेकळं फोडा, शेणखत आणि बेसल डोस (लागवडीआधीचं खत) आधी द्या, लॅटरल (ठिबकची नळी) चालवून बघा, मग वारा नसताना चंदेरी बाजू वर ठेवून सुरकुती न पडू देता अंथरा. दोन्ही कडा 10 सेंमी मातीत दाबा. सैल पेपर फडफडून खोड सोलतो. पेपरवर माती साचली की परावर्तन घटतं, म्हणून भर लावताना सरीतली माती बेडवर उडवू नका. रोपाभोवती होलमध्ये मूठभर माती टाका, नाहीतर पेपरखालची गरम हवा तिथूनच बाहेर पडते आणि खोड भाजतं.