ट, ठ, ड, ढ काढून टाकले म्हणजे भाषा गोड होत नाही

कथा-कल्पनेसाठी स्वतः नव्याने रचलेली भाषा कानाला सुंदर वाटावी म्हणून काय करावे, हे सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ल, र, म, न आणि भरपूर स्वर घ्या, ट-वर्ग आणि घशातून येणारा ख़ वगळा, जोडाक्षरे टाळा, गोड ध्वनी कोणते हे विज्ञानाने सिद्ध केलेच आहे, आणि वर्णांची यादी पक्की झाली की ध्वनिव्यवस्था तयार. नवशिके हे वाचून थेट कामाला लागतात, म्हणून एकेक विधान तपासून पाहतो. यातले शेवटचे मला सर्वांत घातक वाटते, पण क्रमाने जाऊ.

ल, र, म, न असले की भाषा मृदू होते, हे पहिले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या टोल्कीनने मुद्दाम कर्कश वाटावी म्हणून जी ‘काळी भाषा’ रचली, तिचे शब्द मोठ्याने म्हणून पाहा: दुर्बतुलूक, क्रिम्पतुल, बुर्ज़ुम. त्यांत ल आहे, र आहे, म आहे. मग कर्कशपणा कुठून येतो? स्वर बहुतेक अ आणि उ, अधूनमधून इ; ए नाहीच, ओ क्वचित. व्यंजने र्ब, र्ज़, क्र अशी एकमेकांवर आदळतात आणि बरेच शब्द व्यंजनावरच बंद होतात. म्हणजे मृदू वर्णांचीच कठोर भाषा बांधता येते. उलट मी माझी पहिली भाषा एकही कठोर व्यंजन न घेता रचली होती. चारच ओळी वाचल्या आणि शब्द एकमेकांत विरघळून गेले. कुठला शब्द कुठे संपतो तेच कळेना. कानाला टेकायला काही तरी लागते, आणि ते क, त, प देतात.

दुसरे विधान ट-वर्गाचे, आणि ते मला मराठी माणूस म्हणून जास्त लागते. मार्क ओक्रँडने 1980च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतल्या परग्रहवासीयांसाठी क्लिंगॉन भाषा रचली तेव्हा तिच्यात मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून उच्चारायचे, ड आणि ष घातले. इंग्रजी कानाला ते परके वाटतात. त्याने त-सारख्या ध्वनीच्या जोडीला द न देता ड दिला. ही विषम जुळणी मुद्दाम केलेली आहे. पण त्याच मूर्धन्य कुळातले ध्वनी आपल्याकडे ओंजळ, पाकळी, कोवळा, चांदणे या शब्दांत आहेत. ळ आणि ण काढून हे शब्द पुन्हा उच्चारून बघा. काय उरते?

इथे कुणी म्हणेल की संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानेही माधुर्यासाठी ट, ठ, ड, ढ वर्ज्य सांगितले आहेत. बरोबर आहे. पण त्याच सूत्रात ण चालतो, र चालतो, आणि हेच ट-वर्गीय वर्ण तो ओजोगुणासाठी, म्हणजे काव्यातल्या जोशासाठी, हवेतच म्हणून सांगतो. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने श्रुतिदुष्टासारख्या, म्हणजे कानाला खटकणाऱ्या, दोषांना ‘अनित्य’ म्हटले: शृंगारात ते टाळायचे, सर्वत्र नाही. आपल्या काव्यशास्त्राने ‘हा वर्ण कुरूप’ असा निकाल दिलेला नाही. ‘हा वर्ण कशासाठी?’ असे विचारले आहे. भाषा रचणाऱ्यानेही तेच विचारावे. घशातल्या ख़चेही तसेच. वेल्शच्या ओढीने घडलेल्या टोल्कीनच्याच सिंदारिन भाषेत घोड्याला ‘रोख़’ म्हणतात, आणि त्या भाषेला कर्कश म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

जोडाक्षरांविषयी थोडक्यात. मम्मट माधुर्यासाठी जे सुचवतो त्यात ङ्क, न्त, म्प ही अनुनासिकासह येणारी जोडाक्षरेच आहेत. जॉर्जियन भाषेत ‘ग्व्प्र्त्स्क्व्नी’ हा एक शब्द आहे. अर्थ, ‘तू आम्हाला सोलतोस’. तरी याच भाषेतल्या बहुस्वरी समूहगानाला युनेस्कोने 2001 साली मानवी वारशातली उत्कृष्ट कलाकृती म्हणून घोषित केले. 1977च्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेतही जॉर्जियन गाणे आहे.

विज्ञानाचा दाखला म्हणून ‘बूबा-किकी’ पुढे केले जाते. तो प्रयोग खरा आहे. 2022 साली 25 भाषांच्या भाषकांवर तो तपासला गेला आणि बहुतेक भाषांत गोल आकाराला बूबा, टोकदार आकाराला किकी हीच जोडी लागली. पण गोल म्हणजे सुंदर, हे त्या प्रयोगात कुणी विचारलेच नव्हते. सौंदर्याचा प्रश्न 2023च्या एका अभ्यासात थेट विचारला गेला: 228 भाषांचे नमुने, ऐकणारे इंग्रजी, चिनी आणि सेमिटिक भाषा बोलणारे. कोणती भाषा सुंदर यावर फारसे एकमत झाले नाही. ओळखीची वाटलेली भाषा मात्र जास्त आवडली.

आता शेवटचे: यादी झाली की काम झाले. पाच व्यंजने घ्या, त, क, न, ल, स; आणि तीन स्वर, अ, इ, उ. पहिल्या भाषेत नियम करा की जोडाक्षर नाही आणि शब्द संपला तर स्वरावर किंवा न-वर: लसिन, तकुलि, सनिलन. दुसरीत जोडाक्षरांना मोकळीक द्या आणि शब्द व्यंजनावर तोडा: क्लुत्स, स्नतक, तिल्क. यादी तीच आहे आणि भाषा दोन झाल्या. टोल्कीनच्या क्वेन्या भाषेचा गोडवा मला इथेच सापडतो. तिच्यात ब, द, ग सुटे येतच नाहीत, दुसरे व्यंजन सोबत घेऊनच येतात: उम्बार, आन्दो, आंगा. शब्दाच्या शेवटी व्यंजन आलेच तर साधारणपणे त, न, ल, र, स यांपैकीच. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून दुसरे अक्षर जड (गुरू) असेल तर त्यावर, नाही तर त्याच्या आधीच्यावर, त्यामुळे लांब शब्दही एका चालीत उतरतात. यातला एकही नियम वर्णांच्या यादीत दिसत नाही.

तेव्हा यादी तात्पुरती ठेवा. आधी शब्द कशावर संपू शकतो ते ठरवा, मग कोणता वर्ण कोणाशेजारी बसेल ते, मग आघात, आणि मग कोणता ध्वनी वारंवार यायचा व कोणता जपून वापरायचा ते. त्या नियमांनी पन्नास शब्द करा, सलग मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडखळेल तिथला नियम बदला. ट तिथे शोभतो की खटकतो, हे त्या वाचनातच कळेल.