खुलासा: ‘के’ लावल्याने ‘मॅजिक’ अस्सल होत नाही

इंग्रजी ‘मॅजिक’च्या शेवटी ‘के’ असलेलं रूपच (magic नव्हे, magick) मूळ आणि अस्सल, ‘के’ नसलेलं म्हणजे नंतरचा अपभ्रंश, असा मेसेज फिरतोय. मीही तो शहानिशा न करता पुढे ढकलला होता. तो चुकीचा आहे.

हा शब्द ग्रीकमधून लॅटिन आणि फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला, आणि कित्येक शतकं त्याचं स्पेलिंग ठरलेलं नव्हतंच. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशात ‘के’ आहे खरा. पण तिथे म्युझिक आणि पब्लिक यांनाही तोच ‘के’ चिकटलेला आहे! ती लिहिण्याची त्या काळची तऱ्हा. गूढ अर्थ वगैरे काही नाही. पुढे ती मागे पडली.

या दोन रूपांत आज मानला जाणारा फरक २०व्या शतकातला. अलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्याने आपली साधना रंगमंचावरच्या हातचलाखीहून वेगळी दिसावी म्हणून ‘के’ मुद्दाम परत आणला. तेव्हा ती साधना मानणाऱ्या पंथांविषयी लिहिताना ‘के’ ठेवा. टोपीतून ससा काढणाऱ्याला त्याची गरज नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.