गोव्यात रेन सेन्सर कशाला? म्हणणाऱ्यांसाठी

मोबाईलवर सध्या एक संदेश फिरतोय: गोव्यात लॉनला रेन सेन्सर (पाऊस पडला की फवाऱ्यांचं पाणी आपोआप थांबवणारं उपकरण) बसवणं म्हणजे पैशांची नासाडी. जूनला फवाऱ्यांचा टायमर बंद करा, ऑक्टोबरला चालू करा, रोज 15 मिनिटं पाणी सोडा. मोबाईलवर हवामानाचा अंदाज असतोच. पावसाळ्यात टायमर बंद ठेवा हे बरोबर. बाकीचं वाचून मात्र जीव तुटतो.

सगळ्यात घातक आहेत ती 'रोज 15 मिनिटं'. लॉनवरचे छोटे फवारे तासाला साधारण 35 ते 40 मिमी पाणी देतात, म्हणजे 15 मिनिटांत 9-10 मिमी. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. 100 चौरस मीटरच्या लॉनवर रोज हजारेक लिटर ओतलं जातं! एप्रिलच्या उन्हातसुद्धा ऊन, वारा, आर्द्रतेवरून काढलेलं बाष्पोत्सर्जन, म्हणजे माती आणि पानांतून उडून जाणारं पाणी, दिवसाला साधारण 5 मिमी येतं आणि लॉनच्या गवताला त्याच्या 60-70 टक्के पुरतं. विहिरी तळाला गेलेल्या असताना आपण गरजेच्या तिप्पट पाणी सोडतो. पटत नसेल तर लॉनवर चार सरळ कडांचे डबे ठेवा आणि 15 मिनिटांनी पट्टी बुडवून बघा.

'आठ महिने पाऊसच नाही, मग सेन्सर करणार काय?' मेमधले वळीव आणि ऑक्टोबरचा गडगडाटी पाऊस विसरलात का? नेमका तेव्हाच टायमर चालू असतो. साध्या सेन्सरमधल्या चकत्या भिजून फुगतात आणि पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची वीज तोडतात; सुकल्या की पुन्हा जोडतात. किती पावसाला तोडायची ते 3 ते 25 मिमीपर्यंत ठरवता येतं. मी 6 वर ठेवतो, कारण तेवढं पाणी गवताला दोन दिवस पुरतं.

अंदाज म्हणाल तर तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो. म्हापशात रस्ते वाहतात तेव्हा पर्वरीत धूळही बसलेली नसते.

उलटी चूकही मी पाहिलीय: पणजीत 80 मिमी पडला, म्हणून महिनाभर पाणी बंद. जांभ्यावर वीतभर माती पसरून लावलेलं लॉन गवताच्या उपयोगाचं 15-20 मिमी पाणीच धरतं; बाकीचं गटारात किंवा खाली झिरपून जातं. त्यामुळे कितीही कोसळला तरी हिशेबात पाच-सहा दिवसच धरायचे.

'इथे सेन्सर टिकत नाहीत' यात तथ्य आहे. आंब्याखाली किंवा पागोळीजवळ बसवला तर चकत्या सुकतच नाहीत आणि लॉन करपतं. तो उघड्यावर, फवाऱ्याचं पाणी लागणार नाही असा बसवा आणि चतुर्थीनंतर एकदा उघडून शेवाळ पुसा.