सेप्सिस आणि किडनी: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय की सेप्सिसमध्ये (म्हणजे इन्फेक्शनला शरीराचा रिस्पॉन्स बेफाम होऊन अवयव बिघडायला लागतात तेव्हा) बीपी पडतं म्हणून किडनी जाते, सलाईन भरपूर चढवलं की ती परत चालू होते. अर्धंच खरंय हे. बीपी पडणं हे एक कारण आहेच, पण बीपी नॉर्मल असताना, किडनीला एकूण रक्त नीट मिळत असतानाही ती बिघडते, कारण इन्फेक्शनला शरीराचा जो बेफाम रिस्पॉन्स सुरू होतो त्यात आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं काम विस्कटतं, कुठे रक्त पोचतं कुठे नाही, आणि किडनीतल्या लघवी तयार करणाऱ्या बारीक नलिकांच्या पेशी सूज नि विषारी घटकांमुळे काम थांबवतात. सुरुवातीला सलाईन लागतंच, पण गरजेपेक्षा जास्त झालं तर किडनीलाच सूज येते. आणि क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ घटक, ज्यावरून किडनीचं काम तपासतात) किडनी बिघडल्यावर उशिरा वाढतं, म्हणून लघवी कमी झाली की लगेच डॉक्टरांना सांगा.