हसतील त्यांची कवळी दिसेल

तुमची विनोदी मालिका चालली, त्याबद्दल आधी अभिनंदन. दोनशे भाग झाले, लोक ताट घेऊन समोर बसतात, रिक्षावाला तुमच्या आजोबांचा डायलॉग तुम्हालाच ऐकवतो, चॅनेलनं एक्स्टेन्शन दिलंय. आणि नेमकं इथेच घात झालाय. लोक तुम्हाला विनोदी लेखक म्हणायला लागलेत. सत्काराला जावं तर निवेदक म्हणतो, 'आता आपल्याला खळखळून हसवायला येत आहेत...' आणि तुम्ही बिचारे समकालीन वास्तवावर पाच पानं लिहून नेलेली असता. यावर उपाय एकच. मालिका गंभीर करा.

घाई मात्र नको. सोमवारी हसवलंत आणि मंगळवारी तिरडी बांधलीत तर माणसं रिमोट शोधतात. विरजण लागावं तसं हे झालं पाहिजे, रात्री दूध होतं आणि सकाळी बघावं तर दही. सुरुवात खोकल्यापासून करावी. विनोदी मालिकेत खोकला नसतो, शिंक असते. शिंकेला लोक हसतात, पण खोकला आला की घरातली म्हातारी माणसं लगेच ओळखतात, याचं आता काही खरं नाही. रुमालावर लाल ठिपका दाखवायचे दिवस गेले. हल्ली 'रिपोर्ट आलेत' एवढं वाक्य पुरतं. कसले रिपोर्ट, ते ठरवायला तुमच्याकडे सहा आठवडे आहेत.

आता जमवलेला माल मोडीत काढायला घ्या. वाटीभर साखर मागायला येणारा शेजारी होता ना? तो इतके दिवस साखर मागत नव्हता, घराचा नकाशा बघत होता. पुनर्विकासाच्या कागदांवर त्याला आजोबांचा अंगठा हवाय. विसराळू काका विसराळू नव्हते, त्यांना आजार होता. इतके दिवस आपण एका आजाऱ्याला हसत होतो, हे प्रेक्षकाला कळलं की तो असा काही खजील होतो की पुढचे पन्नास भाग प्रायश्चित्त म्हणून बघतो. नटांची काळजी करू नका. विनोदी नट वीस वर्षं रडायला टपलेला असतो. ग्लिसरिनची बाटली बघून त्याला जो आनंद होतो तो मानधनाचा चेक बघूनही होत नाही.

वस्तूही वाया घालवू नका. समजा, तुमच्या आजोबांना कवळी आहे. पहिल्या दीडशे भागांत ती हरवली, मांजरानं पळवली, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या सरबतात निघाली. झालं तेवढं पुरे. आता आजोबा गेलेत. दुसऱ्या दिवशी सून खोली आवरायला येते. खिडकीत काचेचा पेला आहे (स्टीलच्या पेल्यात कवळी दिसत नाही, आर्टवाल्यांना आधी सांगून ठेवा). सून पेला उचलते, मोरीत पाणी ओतते, कवळी धुते, आणि सवयीनं पेल्यात नवं पाणी भरून तो परत खिडकीत ठेवते. एवढंच. हे तुम्हाला चुकून सुचलंच तर तसंच ठेवू मात्र नका. चॅनेलवरून विचारणा होईलच, 'ती रडत का नाहीये?' मग तिला रडवा. बासरी लावा, बासरी कमी पडली तर सारंगी. कवळीचे तीन बाजूंनी तीन शॉट घ्या आणि प्रत्येकावर एकेक ढॅण.

परदेशातले दाखले तोंडावर असू द्यात, मीटिंगमध्ये वजन पडतं. पण जपून. अमेरिकेत १९७२ साली 'मॅश' नावाची मालिका सुरू झाली. कोरियन युद्ध, तंबूतलं लष्करी इस्पितळ, टवाळखोर सर्जन. १८ मार्च १९७५ च्या भागात त्यातल्या भोळसट कर्नलला घरी जायची परवानगी मिळते. निरोपाची थट्टामस्करी होते, तो विमानात बसतो. शेवटी ऑपरेशन चालू असताना कारकून पोरगा आत येऊन निरोप वाचतो, विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कोणी वाचलं नाही. ते शेवटचं पान बहुतेक नटांनाही आयत्या वेळी दाखवलं होतं. चॅनेलला पुढे रागाच्या पत्रांचा ढीग आला. मालिका चालतच राहिली. तीन वर्षांचं युद्ध पडद्यावर अकरा वर्षं पुरलं, याला टक्कर देईल तर फक्त आपल्या मालिकेतलं गरोदरपण. २८ फेब्रुवारी १९८३ चा अडीच तासांचा शेवट दहा कोटींहून जास्त लोकांनी बघितला. त्यात नायक डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळात असतो आणि त्याला एका बसमधली कोंबडी आठवत असते, शत्रू जवळ असताना ओरडणारी, बाईनं गप्प केलेली. ती कोंबडी नव्हती, बाईचं मूल होतं, हे त्याला फार उशिरा आठवतं.

पण हा दाखला देऊ नका असंच मी सांगेन, कारण त्यात एक चलाखी आहे. मॅशमध्ये रक्त पहिल्या भागापासून होतं. चॅनेलला मागे हसण्याचा आवाज हवाच होता, करणाऱ्यांना तो नको होता. शेवटी तडजोड झाली, ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी हसणार नाही. म्हणजे अंधार आधीच घरात होता, त्यांनी फक्त दिवा थोडा हलवला. इंग्रजांच्या 'ब्लॅकअ‍ॅडर' या विनोदी मालिकेचंही तेच. तिच्या चौथ्या पर्वात त्यातली मंडळी पहिल्या महायुद्धाच्या खंदकात बसून सहा भाग टिंगल करतात, आणि नोव्हेंबर १९८९ मधल्या शेवटच्या भागात शिट्टी वाजते, सगळे वर चढून बंदुकांच्या तोंडी धावतात आणि पडद्यावर खसखशीच्या लाल फुलांचं शेत उरतं. खंदकात बसलेल्यांचं दुसरं काय होणार होतं? असल्या लोकांकडून आपण काय शिकायचं! आपल्याला अंधार बाहेरून विकत आणायचाय.

त्यासाठी खरा गुरू कॅनडात सापडतो. डेव्ह सिम या चित्रकारानं डिसेंबर १९७७ मध्ये 'सेरेबस' हे कॉमिक काढलं. नायक आर्डवार्क, म्हणजे आफ्रिकेतला मुंग्या खाणारा, लांब नाकाचा प्राणी. हातात तलवार, एकूण कॉनन छापाच्या बलदंड वीरांची टवाळी. मजा होती. मग सिमनं जाहीर केलं की हे तीनशे अंक चालणार आणि शेवटी नायक मरणार. आर्डवार्क पंतप्रधान झाला, मग पोप झाला. इथपर्यंत वाचक खूश होते, उलट आधीपेक्षा जास्त खूश, आणि खरं सांगायचं तर तो भाग फार चांगला आहे. पण पुढे चित्रांच्या जागी बारीक टायपातला मजकूर पानंच्या पानं यायला लागला. १९९४ च्या १८६ व्या अंकात लेखकानं बायका या विषयावरची आपली मतं मांडली आणि निम्मी गिऱ्हाइकं उठून जावीत अशी ती मतं होती. अखेरीला तर आर्डवार्क ज्यूंच्या धर्मग्रंथावर ओळीओळीनं भाष्य करतो. मार्च २००४ मध्ये, सुमारे सहा हजार पानांनंतर, तो ठरल्याप्रमाणे एकटा मेला. शब्दाला जागणं म्हणतात ते हे. परदेशात या रोगाला आता सेरेबसचंच नाव आहे. आपल्या नावाचा रोग असावा, यापेक्षा लेखकाला आणखी काय हवं?

आपल्याकडे गडकऱ्यांनी हे सगळं आधीच बिघडवून ठेवलंय. 'एकच प्याला'त तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ एकीकडे, दळण दळणारी सिंधू दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच रात्री, एकाच तिकिटात. दोनशे भाग थांबायची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्याशी बोलायला टीआरपीवालं कोणी नव्हतं, त्यामुळे ट्रॅक वेगळे ठेवायचे असतात हे त्यांना कोण सांगणार?

असो. सगळं जमलं की लीप घ्या. पाच वर्षांचा घ्या, सात नको, नाहीतर पोरं बदलावी लागतात. घराच्या भिंती पिवळ्याच्या राखाडी करा. पात्रांनी आता एकमेकांशी बोलताना खिडकीबाहेर बघायचं. मुलाखतीत 'विनोद हा कारुण्याचाच मुखवटा' वगैरे म्हणा. कोणी म्हणालं की पूर्वी मजा यायची, तर किंचित हसून म्हणा, 'प्रेक्षकानंही मोठं व्हायला हवं ना.'

हे सगळं मी अनुभवानं सांगतोय. चॅनेलचं नाव सांगत नाही, पण आजोबा माझेच होते आणि कवळीही. बासरी लागली, सारंगी लागली, तीन ढॅण झाले. भाग संपतो न संपतो तोच साताऱ्याहून मावशीचा फोन आला. आवाज बसलेला.

"रडले रे खूप," ती म्हणाली. मी मनातल्या मनात शाल सावरली.

"पण काय रे, कवळी पेल्यातच राहिली होय? न घालताच नेलं त्यांना?"

"अगं मावशी, ते..."

"एवढी माणसं घरात, एकाच्या लक्षात नाही आलं? आता वर गेल्यावर जेवायचं कशानं त्यांनी?"

मी इतका हसलो की तीही हसायला लागली, आणि हसता हसता आम्हा दोघांनाही तिचे यजमान आठवले, ते गेले तेव्हा त्यांचा चष्मा फ्रिजवर राहिला होता. ती म्हणाली, "अजून तिथंच आहे बघ."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी म्हटलं, तेराव्याला आजी भटजींना विचारते की कवळी आता पाठवता येईल का. खोलीत एक जण फिस्सकन हसला. टेबलाच्या पलीकडून उत्तर आलं, "छान आहे सर, पण आता टोन बिघडेल."