एलडीएलपुढे तारा नाही म्हणून खूश होऊ नका

लठ्ठ माणसांत धमन्यांचा आजार रक्तातल्या काही खुणांवरून लवकर ओळखता येतो, हा लेखातला मुद्दा पटला. पण लेखात सीआरपीवर (शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) एवढा भर का? पोटाच्या चरबीतून इंटरल्युकिन-६ हे सूज वाढवणारं प्रथिन सुटतं, त्यामुळे यकृत सीआरपी जास्त बनवतं. म्हणजे वजनदार माणसात तो तसाही चढलेलाच. आमच्या फोंड्यात पावसाळ्यात घरोघरी ताप, तेव्हा तर तो काढूच नये! १० च्या वर दिसला तर आधी संसर्ग शोधायचा, बरं झाल्यावर परत तपासायचा.

त्यापेक्षा अपोबी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) बघा. माझ्या मेव्हण्याचा रिपोर्ट: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. एलडीएलपुढे लॅबने धोक्याचा तारा (*) छापला नाही म्हणून स्वारी खूश, चवथीला नेवऱ्यांवर (करंज्यांवर) ताव. अशा रक्तात एलडीएलचे कण बहुधा लहान आणि संख्येने जास्त असतात. प्रत्येक कणावर एकच अपोबी, म्हणून खरी मोजदाद तिथे कळते. खर्च नको असेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, बराचसा अंदाज येतो. लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा आणखी एक कण) मात्र आनुवंशिक, वजनाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरे.

आणि कंबर मोजायला टेप लागते फक्त, ती का कोणी काढत नाही?