पोटाच्या डायलिसिसमधील साखरेविषयी

‘पोटाच्या डायलिसिसमुळे मधुमेह जडतो’ हे लेखातील सरसकट विधान वाचून एखादा रुग्ण ही पद्धतच नाकारेल, अशी भीती वाटल्याने लिहीत आहे. माझ्या आईचे सीएपीडी, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाल्यावर दिवसातून काही वेळा पोटात द्रावण सोडून आणि काढून रक्त शुद्ध करण्याची पद्धत, गेली तीन वर्षे घरीच चालू आहे. द्रावणात ग्लुकोज असते ते शरीरातील जादा पाणी ओढून घेण्यासाठी, आणि त्यातील बराचसा भाग पोटाच्या पडद्यातून रक्तात शोषला जातो, हे खरेच. परंतु दीड टक्क्याच्या दोन लिटर पिशवीत सुमारे ३० ग्रॅम, तर सव्वाचार टक्क्यांच्या पिशवीत सुमारे ८५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, असते. म्हणजे कोणती पिशवी किती वेळा लागते, यावर बरेच अवलंबून आहे. आत सोडलेले आणि बाहेर आलेले पाणी मी दर वेळी वहीत लिहिते. लोणचे-पापड सुटले, सकाळचे वजन आणि पायांची सूज पाहून पाणी मोजून देऊ लागलो, तेव्हा डॉक्टरांनी अडीच टक्क्यांची पिशवी पुन्हा दीडवर आणली.

लेखात ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन असलेल्या द्रावणाचा पर्याय सुचवला आहे, पण एक इशारा राहून गेला. या द्रावणामुळे रक्तात माल्टोज नावाची दुसरी साखर वाढते आणि काही ग्लुकोमीटर तिलाच ग्लुकोज समजून खोटा, जास्तीचा आकडा दाखवतात. त्यावर विसंबून इन्सुलिन टोचले, तर साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. दुसऱ्या कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरी तिथल्या परिचारिकेला हे आधी सांगावे.